तुझ्या नावाची मिश्रीची डबी

सुमंगल, तू गेल्यावर दूध-तूप घालायच्या दिवशी तुझ्या समाधीवर मिश्रीची डबी ठेवली होती. हे तुला आधी सांगतो, बाकीचं मागून.

ताट मीच लावलं होतं. शेंगाची पोळी, दहीभात, तुला आवडायचा तो लसणाचा ठेचा. सुपारीचं खांडसुद्धा तुला चालत नव्हतं म्हणून विडा मी मुद्दाम ठेवू दिला नव्हता. स्वामींनी विभूती टाकली, मी दूध ओतलं, तूप ओतलं, डोळे पुसून ताटाकडं बघतो तर दहीभाताच्या शेजारी चपटी पत्र्याची डबी. झाकणाचा रंग उडालेला. भाजलेल्या तंबाखूचा तो वास मळ्याच्या मोकळ्या हवेतसुद्धा नाकात शिरला.

"ही कुणी ठेवली?" मी विचारलं.

मग गौराआत्या पुढं झाल्या. माझ्या बापाची धाकटी बहीण, आपल्या भिंतीला भिंत लागून राहणारी, तू शाळेतून यायच्या आधी तुझ्यासाठी चहाचं आधण ठेवणारी. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते.

"म्या ठिवली बाबा," आत्या म्हणाल्या. "चोरून लावत आसंल लेकरू. घशाचा क्यान्सर उगंच होतो व्हय? जीव अडकून ऱ्हाऊ न्हाय म्हनून ठिवली. आता तरी मनासारखं लावू दे की तिला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोर आत्या पदर तोंडाला लावून हुंदके देत होत्या, आणि प्रेमानं केलेल्या चुकीवर ओरडायचं कसं, हे तू मला कधी शिकवलं नाहीस. मी डबी उचलली, खिशात टाकली आणि घरी आलो.

गंमत बघ. अख्ख्या मुरुम गावाला ठाऊक आहे की होळीच्या दिवशी आपल्या गल्लीत काय चालायचं. होळी पेटली की तू सगळ्यांत पुढं उभी. एकेक बाई यायची, कमरेची मिश्रीची डबी काढायची आणि आगीत उपडी करायची. डबी टाकून द्यायची नाही, हा तुझा नियम. रिकामी डबी घासून घरी न्यायची, तिच्यात लवंगा भरायच्या आणि तलफ आली की एक लवंग तोंडात टाकायची. त्या आगीचा ठसका असा बसायचा की सगळी गल्ली शिंकत शिंकत घरी जायची. पोरं म्हणायची, भूगोलाच्या बाईंची होळी शिंकेची आहे. तू त्यांना ओरडायचीस आणि स्वतःच शिंकायचीस.

फक्त गौराआत्यांची डबी कधी उपडी झाली नाही. दरवर्षी त्या नारळ घेऊन यायच्या, होळीला प्रदक्षिणा घालायच्या आणि तू हात पुढं केलास की डबीवर पंजा ठेवायच्या. "म्या मेल्यावर काढून घे सुमंगल. तवर न्हाय." तू म्हणायचीस, "आत्या, तुम्ही चिवट आहात, पण मी मास्तरीण आहे." हे भांडण तुमचं दोघींचं लाडकं होतं. त्यात मध्ये पडायची माझी कधी हिंमत झाली नाही.

माझं तर तू बघण्याच्या कार्यक्रमातच सोडवलंस. पोहे पुढं ठेवून सरळ विचारलंस, "तंबाखू खाता?" माझ्या मामाला ठसका लागला. मी म्हटलं, कधीमधी. तू म्हणालीस, "मग लग्नसुद्धा कधीमधीच करू." मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडतीचं दुकान चालवणारा माणूस मी. तिथं तुरीचं पोतं फोडायच्या आधी चंची सुटते, भाव ठरायच्या आधी चुना मळला जातो. पुढं कित्येक वर्षं व्यापारी मला चिमूट देऊन चिडवायचे, "घ्या मल्लिनाथशेठ, बाई बघत न्हाईत." मी घेतली नाही. बायकोला भितो म्हणायचे. भीत होतोच. आज माझे दात आणि गाल धड आहेत ते त्या भीतीमुळं, आणि हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही.

आणि गाठ तुझ्या मानेला आली.

दुखत नव्हती, म्हणून तू परीक्षा संपेपर्यंत कुणाला दाखवली नाहीस. पहिल्या डॉक्टरांनी गाठ चाचपली आणि विचारलं, "मिश्री किती वर्षं लावताय?" तू म्हणालीस, "मी लावत नाही, सोडवते." ते हसले. त्या हसण्याचा अर्थ मला दुकानात रोज भेटतो. माल ओला आहे हे माहीत असताना शेतकऱ्याच्या शपथेला आम्ही तसंच हसतो. तू तिथल्या तिथं तोंड उघडून दात दाखवलेस. पांढरेशुभ्र. त्या रागातही मला तुझा अभिमान वाटला.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाई वेगळ्या निघाल्या. गाठीचा तुकडा तपासून त्यांनी आपल्याला खुर्च्या दिल्या, दार लावलं आणि सांगितलं की हा तंबाखूचा कॅन्सर नाही. विषाणूचा आहे. पॅपिलोमा नावाचा विषाणू. बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर करतो तोच घशात, टॉन्सिलच्या खाचेतही बसतो, आणि वर्षानुवर्षं गप्प बसतो. अंगसंगातून येतो. बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी भेटून जातो, शरीर त्याला हाकलून देतं आणि माणसाला पत्ताही लागत नाही. एखाद्याच्या अंगात तो मुक्काम करतो. "यात कुणाची चूक नाही," त्या दोनदा म्हणाल्या. मी मान खाली घालून बसलो होतो. तू मात्र वही तपासताना बसायचीस तशी ताठ बसलीस आणि विचारलंस, "याच्या जाती किती?"

त्या बाई खूश झाल्या. पेशंट असं विचारत नसावेत. त्यांनी सांगितलं की जाती पुष्कळ, घशाला बहुतेक वेळा सोळा नंबरची भोवते, आणि त्या एका सोळा नंबरातही पोटभेद आहेत. विषाणूच्या आनुवंशिक मजकुरात कुठं एखादं अक्षर बदललेलं, कुठं चार. मला एकदम कळलं. तूर ती तूरच, पण तिचे वाण वेगळे; एक लाल, एक पांढरी, एक मर रोगाला तग धरणारी, एक पहिल्याच झटक्यात वाळणारी. मी तसं बोलून गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगदी तसंच. आणि कोणता वाण जास्त त्रास देतो, कोणता औषधाला लवकर ऐकतो, हेच आम्ही शोधतोय. आपल्याकडं घशाचा कॅन्सर म्हटलं की तंबाखू म्हणून सगळे मोकळे होतात. त्यामुळं आपल्या माणसांच्या घशातला हा विषाणू कुणी नीट वाचलेलाच नाही."

मग त्यांनी सांगितलं की या वाणांना पूर्वी खंडांची नावं होती. युरोपातला, आशियातला, आफ्रिकेतला. माणूस हजारो वर्षं चालत चालत जिथं गेला तिथं हा त्याच्या अंगातून गेला आणि वाटेत बदलत राहिला. सुमंगल, आपल्याला कॅन्सर झालाय हे ऐकून अर्धा तास झाला नव्हता आणि तुझे डोळे चमकले. "म्हणजे भूगोलाच्या बाईच्या घशात भूगोल," तू म्हणालीस. "वाचा माझा. कोणत्या खंडातला आहे ते मलाही कळू दे." गाठीचा तुकडा अभ्यासाला द्यायला तू हो म्हणालीस आणि बाहेर येऊन चहा मागवलास. माझ्या कपातला मी तसाच ठेवला.

पुष्कळांचा हा प्रकार उपचाराला ऐकतो, असं त्या म्हणाल्या होत्या. तुझा ऐकला नाही. किरणांनी घसा जाळला, आवाज गेला, आणि तरी तो छातीत उतरला. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तुझा आवाज कुजबुजीएवढासुद्धा उरला नाही. याबद्दल मी कुणाला माफ केलेलं नाही. देवालाही सांगून ठेवलंय.

तुझे शंकरअण्णा उमरग्याहून भेटायला आले होते तो दिवस आठवतो? मला अंगणात घेऊन गेले. मोठे भाऊ तुझे, त्यांच्यापुढं मी कधी आवाज चढवला नाही. खालच्या आवाजात म्हणाले, "त्या तपासणीत निघतंय का, कुठनं आला ते?"

"खंड निघतं म्हणतात, अण्णा."

"खंडाचं न्हाय विचारत म्या. मानसाचं विचारतोय."

मी त्यांना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तेच सांगितलं. वाण कळतो, कुणाच्या हातून पेरला ते कळत नाही. आत्ता आला की लग्नाआधी, माझ्याकडून की आणखी कुठून, हे कुठलंही यंत्र सांगत नाही. आणि पुढचं मी माझ्या पदरचं घातलं. म्हटलं, "यंत्र सांगत असतं तरी मी विचारलं नसतं. हवं तर माझ्याकडून आला म्हणा. मला चालतं." अण्णा चपला घालून निघून गेले.

तू हे सगळं आतून ऐकलं होतंस. मी आत आलो तेव्हा माझ्याकडं बघितलंस आणि उशीशेजारी जागा केलीस. तू मला कधी विचारलं नाहीस. मी तुला विचारलं नाही. लोकांना वाटेल आपण दोघं घाबरलो. घाबरायला आपल्यात उरलं काय होतं? इतकी वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसांनी एकमेकांची झडती घ्यायची नसते, एवढंच.

भांडलो आपण दुसऱ्याच गोष्टीवरून, आणि ते भांडण अर्धंच राहिलं.

गावात कुजबूज सुरू झाली होती की बाई चोरून मिश्री लावत होत्या. मी म्हटलं, गल्लीत उभा राहून खरं काय ते सांगतो. तुझा आवाज गेला होता, तू शाळेतली पाटी मागवली होतीस. मी बोलून भांडायचो, तू पेन्सिलीनं. तू लिहिलंस, "सांगू नका." मी म्हटलं, का? लाज वाटते? तू इतक्या जोरात पुसलंस की पाटी हातातून निसटली. मग लिहिलंस, "विषाणूनं झाला म्हणाल तर बायका म्हणतील मिश्रीनं होतच नाही. झालं मग माझं सगळं काम." मी म्हटलं, आणि तुझं नाव? तू लिहिलंस, "चोरून लावत होते म्हणू देत. भीतीनं तरी डब्या टाकतील. आधी काम, मग नाव."

अगं, कुठून आणलंस हे काळीज? स्वतःच्या नावाला काळं फासून घेऊन बायकांचे गाल वाचवायला निघालीस. मी चिडलो, भिंतीवर हात आपटला, चार शब्द नको ते बोललो. तू पाटी पालथी घातलीस आणि डोळे मिटलेस. वर्ग सुटला म्हणायची तुझी ती पद्धत. नंतर बोलू म्हटलं, आणि नंतर तुला श्वासच पुरला नाही.

म्हणून तुझ्यामागं मी गप्प बसलो होतो. तुझा शब्द म्हणून. पण तुझा अंदाज चुकला, सुमंगल. भूगोल तुला कळायचा, गल्ली तुझ्यापेक्षा मला जास्त कळते. भ्यायलं कुणी नाही. उलट बायका म्हणायला लागल्या, "दिव्याखाली अंधार. बाई सोता लावत हुत्या, आन् आमाला शानपन शिकवत हुत्या." ज्यांच्या डब्यांत लवंगा होत्या त्यांच्या डब्यांत पुन्हा मिश्री भरली गेली. सकाळी नळावर आता राजरोस काळे दात घासत बसतात. तुझं नावही गेलं आणि कामही.

होळीच्या तोंडावर सोलापूरहून फोन आला. डॉक्टरीणबाईंनी तुझा विषाणू वाचला. सोळा नंबरचाच. खंडाचं नाव त्यांनी सांगितलं, पण लगेच म्हणाल्या की त्यावर फार जाऊ नका, माणसं एकमेकांत इतकी मिसळली आहेत की ती नावं आता त्याही वापरत नाहीत. आणि दोन अक्षरं अशी निघाली की तिथं सहसा बदल दिसत नाही. त्याचा अर्थ काय, मी विचारलं. "आत्ता माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आणखी पुष्कळ माणसांचे वाचल्यावर कळेल. पण बाईंचा तुकडा मेणात जपून ठेवलाय." हे ऐकून मला बरं वाटलं. मळ्यात तुला समाधीत बसवलं तेव्हा वाटलं होतं की सगळी संपलीस. तू तिकडं अजून कुणाला तरी काहीतरी शिकवायला बसलीच आहेस.

फोन ठेवला आणि ठरवलं. तुझा शब्द मोडायचा.

होळीच्या दिवशी अण्णांनी निरोप पाठवला, यंदा होळीला जाऊ नका, घरात मरण झालंय. मी उलट निरोप पाठवला की आपल्यात सूतक पाळत नाहीत. आपल्या पंथाच्या शरणसंतांनी ते कधीच मोडीत काढलं, आपणच ते विसरलो. धुतलेला सदरा घातला, कपाळाला विभूती लावली, खिशात ती डबी टाकली आणि तू उभी राहायचीस तिथं जाऊन उभा राहिलो.

होळी पेटली. एकही डबी पुढं आली नाही. बायका माझ्याकडं न बघता नारळ टाकत होत्या. मी म्हटलं, "जरा थांबा. दोन शब्द सांगायचे आहेत." मोंढ्यात लिलाव पुकारलेला गळा आहे, गल्लीभर ऐकू गेलं.

मी सगळं सांगितलं. सुमंगलनं मिश्रीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. तिला झाला तो विषाणूचा कॅन्सर. तो अंगसंगातून येतो, नवरा-बायकोच्यासुद्धा. माझ्याकडून आला असेल. ज्याला हसायचं त्यानं इथं माझ्या तोंडावर हसावं, पाठीमागं नळावर नाही. त्याची लस निघाली आहे; आपापल्या पोरींना डॉक्टरकडं नेऊन विचारा.

कुणी हसलं नाही. बाप्ये पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागले. आणि मग, अगदी तू पाटीवर लिहिलं होतंस तसंच झालं. कोपऱ्यावरच्या घरातली सून म्हणाली, "मंग मिश्रीनं होत न्हाय म्हना की, काका."

तुझी पाटी डोळ्यांपुढं आली. क्षणभर वाटलं, तू बरोबर होतीस. पण माझ्याकडं माझ्या धंद्यातलं उत्तर होतं. मी म्हटलं, "पोरी, पोतं उंदीरबी फोडतो आणि आतला दाणा किडाबी पोखरतो. माझ्या पोत्याला उंदीर लागला म्हणून तू तुझ्या पोत्यात किडे सोडतीस का? सुमंगलचा उंदीर तिच्या हातात नव्हता. तुझा किडा तुझ्या कमरेला आहे."

तिचा हात कमरेकडं गेला.

मग मी खिशातून डबी काढली आणि गौराआत्यांच्या पुढं धरली. म्हटलं, "आत्या, ही घ्या तुमची. तिची नव्हती. ती लावत नव्हती."

आत्या डबीकडं बघत राहिल्या. "लावत न्हवती?"

"नाही."

"कदीच न्हाय?"

"कधीच नाही."

"आगाऽ यव्वा," आत्या म्हणाल्या, "मंग माजी डबी वाया गेली की रं!"

तिथं पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मीही. मी डबी आणखी पुढं केली तर आत्या दोन पावलं मागं सरल्या. "येडा का खुळा तू मल्लू? मेल्याला दिल्यालं परत घेत्यात व्हय? माजीच व्हती ती, रोजची. तवापास्नं तोंड नुसतं वशट झालंय, पर दुसरी घेऊ वाटंना. तिला दिली म्हंजी दिली. आता ती तिची हाय."

ऐकलंस? इतक्या होळ्या तू हात पसरून उभी होतीस आणि आत्या पंजा काढत नव्हत्या. आता स्वतः होऊन डबी तुझ्या ताटात ठेवून गेल्या, तीही तू चोरून लावतेस अशा समजुतीनं. मी तिथं उभ्या उभ्या ढसाढसा रडलो, होळीसमोर, सगळ्या गल्लीच्या देखत. मग झाकण काढलं आणि डबी आगीत उपडी केली. ठसका उठला. आत्या शिंकल्या, मी शिंकलो, बाप्ये शिंकले. कोपऱ्यावरची सून शिंकत शिंकत पुढं आली आणि तिनं तिची उपडी केली. बाकीच्या बघत राहिल्या. पुढच्या वर्षी बघू.

रिकामी डबी मी टाकली नाही, तुझा नियम. चिंचेनं घासून घरी आणली, लवंगा भरल्या आणि दुकानात गादीशेजारी ठेवली आहे. मोंढ्यातलं येणारं-जाणारं माणूस तिच्याकडं बघतं. त्या दिवशी होळीसमोर मी सगळ्यांना सांगितलं होतं की ती डबी तुझी नाही. आता कुणी विचारलंच की शेठ, ही मिश्रीची डबी कुणाची, तर एक लवंग त्याच्या हातावर ठेवतो आणि छाती पुढं काढून सांगतो, आमच्या हिची.